बैरूतची मुलगी आणि अमेरिकेंतील कॉलेजचें मैदान

फुटबॉल हा पुरुषांनीं खेळावयाचा खेळ, कॉलेजांतील विद्यार्थिनी म्हणजे पुस्तकांत मान घालून बसलेली मुलगी, आणि लेबनॉन म्हणजे वर्तमानपत्रांत केवळ स्फोटांच्या नि युद्धांच्या निमित्तानें डोकावणारा एक चिमुकला देश, अशा तीन समजुती आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत घर करून असतात. आजच्या भाषणाचा विषय या तिन्ही समजुतींना छेद देणारा आहे. जन्मानें किंवा वंशानें लेबनॉनची, पण वर्षांतील बहुतेक काळ अमेरिकेंतील एखाद्या कॉलेजांत राहून तेथील संघांतून फुटबॉल खेळणारी अठरा-वीस वर्षांची मुलगी, हा तो विषय होय. अशा मुली एक-दोन नाहींत. म्हणून कोणा एकीचें चरित्र सांगण्यापेक्षां ती त्या मैदानावर पोंचते कशी, तेथें तिच्या पदरांत काय पडतें, आणि आपल्या देशाचा गणवेश अंगावर चढविण्याच्या तिच्या वाटेंत कोणत्या धोंडी पडलेल्या असतात, हें समजून घेणें मला अधिक उपयुक्त वाटतें.

आरंभींच एक खुलासा केला पाहिजे. आपण ज्याला फुटबॉल म्हणतों त्याला अमेरिकन लोक ‘सॉकर’ म्हणतात. त्यांचा स्वतःचा फुटबॉल हा निराळाच खेळ असून त्यांत चेंडूला पाय फारच थोडा आणि हात फार लागतो. हा भेद केवळ नांवाचा असता तर त्याचा उल्लेखहि केला नसता. परंतु या हातांच्या फुटबॉलचा आणि मुलींच्या सॉकरचा मोठा विचित्र संबंध आहे. तो पुढें येईलच.

लेबनॉनचें क्षेत्रफळ अवघें १०,४५२ चौरस किलोमीटर. पश्चिमेस भूमध्य समुद्र आणि त्याला जवळजवळ लागूनच उभे राहिलेले डोंगर. या डोंगरांतील गांवें एके काळीं तुतीची झाडें लावून रेशीम काढीत. त्या धंद्यावर सर्वांचें पोट भरेना, तेव्हां एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तरुणांची जी रीघ लागली ती न्यूयॉर्ककडे, ब्राझीलकडे आणि अर्जेंटिनाकडे. ज्याचीं पुस्तकें मराठी वाचकांनीं आवडीनें वाचलीं, तो खलील जिब्रान १८९५ सालीं लहान वयांत आपल्या आईबरोबर बश्शरी गांवाहून बोस्टनला गेला, तो याच लाटेंत. पुढें मिशिगन राज्यांतील डिअरबॉर्न शहरीं मोटारींच्या कारखान्यांच्या आश्रयानें लेबनॉनी लोकांची मोठी वस्ती झाली. इकडे बैरूतमध्यें अमेरिकन मिशनऱ्यांनीं १८६६ सालीं एक कॉलेज काढलें. तेंच आज बैरूतचें अमेरिकन विद्यापीठ म्हणून ओळखलें जातें. तेव्हां इंग्रजी उत्तम बोलणारी मुलगी आणि अमेरिकेंत कोणी काका-मामा असलेलें कुटुंब, ही बैरूतमध्यें नवलाची गोष्ट नव्हे.

नवलाची गोष्ट होती ती मुलीनें फुटबॉल खेळण्याची. लेबनॉनची फुटबॉल-संघटना १९३३ सालीं स्थापन झाली. स्त्रियांचा राष्ट्रीय संघ आपला पहिला सामना खेळला तो २००६ सालीं, म्हणजे तब्बल ७३ वर्षांनीं. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथें अल्जीरियाशीं झालेल्या त्या सामन्यांत लेबनॉनवर बारा गोल झाले आणि लेबनॉनला एकहि करतां आला नाहीं. अशा आरंभानंतर संघ मोडला असता तर कोणीं आश्चर्य केलें नसतें. तो मोडला नाहीं. थोड्याच वर्षांत स्त्रियांची साखळी स्पर्धा उभी राहिली, आणि शाळकरी मुलींना शिकविणाऱ्या अकादमी बैरूतमध्यें निघाल्या.

या ७३ वर्षांबद्दल अरबी समाजालाच दोष देऊन मोकळें होण्याचा मोह कोणास होईल, तर त्यानें इंग्लंडकडे पाहावें. पहिल्या महायुद्धांत पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत मुली आल्या. प्रेस्टन शहरांतील ‘डिक, कर’ कंपनीच्या मुलींनीं जो संघ काढला त्याची कीर्ति एवढी पसरली कीं, २६ डिसेंबर १९२० रोजीं लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहावयास सुमारे ५३,००० लोक जमले. तिकिटांचें उत्पन्न धर्मादाय कामाला जात असे. हें यश पुरुषांच्या संघटनेस मानवलें नाहीं. ५ डिसेंबर १९२१ रोजीं इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननें हा खेळ स्त्रियांना योग्य नव्हे असा निर्वाळा देऊन आपल्या सभासद-क्लबांचीं मैदानें त्यांना बंद केलीं. ही बंदी उठावयास जवळजवळ पन्नास वर्षें लागलीं. ब्राझील तर फुटबॉलचें माहेरघर. तेथें १९४१ सालच्या सरकारी हुकुमानें स्त्रियांना हा खेळ मना झाला, तो १९७९ पर्यंत. लेबनॉनमधून ब्राझीलला गेलेल्या कुटुंबांतील मुली त्या काळांत तेथेंहि खेळूं शकल्या नसत्या, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

मग मुलींचा फुटबॉल वाढला कोठें? जेथें पुरुषांना त्याची फारशी आवड नव्हती त्या देशांत! अमेरिकन पुरुष आपल्या हातांच्या फुटबॉलांत, बेसबॉलमध्यें आणि बास्केटबॉलमध्यें गुंग होते. सॉकरवर कोणाचीच मिरासदारी नव्हती. अशा वेळीं, २३ जून १९७२ रोजीं, अध्यक्ष निक्सन यांच्या सहीनें शिक्षणविषयक कायद्यांत एक कलम आलें. त्याचा आशय इतकाच कीं, मध्यवर्ती सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याहि शिक्षणकार्यांतून कोणालाहि स्त्री किंवा पुरुष म्हणून वगळतां येणार नाहीं. या कलमांत खेळांचें नांवहि नाहीं! तें लिहिणारांच्या डोळ्यांपुढें मुख्यतः प्रवेश, अध्यापकांच्या नेमणुका आणि अभ्यासक्रम होते. परंतु अमेरिकेंतील कॉलेजांत खेळ हा शिक्षणाचाच भाग मानला जातो. त्यामुळें जो न्याय वर्गाला तोच मैदानाला लागूं झाला.

आतां तो विचित्र संबंध पाहा. मोठ्या विद्यापीठाच्या हातांच्या फुटबॉलच्या संघांत शंभरावर मुलगे असतात, आणि २०२५ पूर्वींच्या नियमाप्रमाणें वरच्या प्रतीच्या विद्यापीठाला त्यांपैकीं ८५ जणांना शिष्यवृत्त्या देतां येत. त्या बाजूला एवढें माप पडलें म्हणजे मुलींच्या बाजूला तें भरून काढणें भाग आलें. टेनिसला सात-आठ मुली पुरतात, सॉकरला पंचवीस-तीस लागतात. मैदान बहुधा असतेंच, साहित्यहि फार लागत नाहीं. तेव्हां कायद्याचा हिशेब बसविण्यास सॉकर सर्वांत सोयीचा ठरला. कॉलेजांच्या राष्ट्रीय क्रीडासंस्थेनें, जिला तिकडे ‘एन. सी. ए. ए.’ म्हणतात, १९८२ सालीं मुलींची पहिली सॉकर-स्पर्धा घेतली तेव्हां देशांत असे संघ शंभराच्या आंत होते; आज ते हजाराच्या वर आहेत. ती पहिली स्पर्धा नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठानें जिंकली आणि त्यानंतर जिंकण्याचा सपाटाच लावला. १९९१ सालीं चीनमध्यें स्त्रियांचा पहिला जागतिक चषक झाला, तो अमेरिकेनें नेला तो या कॉलेजांच्या जोरावरच. ज्या कायद्यांत चेंडूचा उल्लेख नाहीं त्यानें एक खेळ उभा करावा, याहून मोठी गंमत कायद्यांच्या इतिहासांत क्वचितच सांपडेल.

याचा बैरूतच्या मुलीशीं संबंध काय? संबंध असा कीं, एवढ्या संघांना खेळाडू हवे असतात आणि त्यांसाठीं कॉलेजें परदेशांकडेहि नजर टाकतात. मुलगी आपल्या सामन्यांचें चित्रीकरण शिक्षकांकडे पाठविते. शिक्षक पाहतो, पत्रें येतात-जातात. शाळेचे गुण तपासले जातात, इंग्रजीची परीक्षा होते, पैसे घेऊन व्यावसायिक म्हणून खेळलेली नाहीं ना याची चौकशी होते, आणि मग परवान्यासाठीं अमेरिकन वकिलातीची पायरी चढावी लागते. यांतील कोणतीहि एक गोष्ट अडली कीं बाकीच्या फुकट.

शिष्यवृत्ती हा शब्द ऐकून मात्र फार भुलूं नये. पूर्ण शिष्यवृत्ती म्हणजे शिक्षणाची फी, राहणें, जेवण आणि पुस्तकें. परंतु ती सर्वांना मिळते असें नाहीं. वरच्या प्रतीच्या विद्यापीठांतहि पुष्कळ वर्षें मुलींच्या सॉकरला एकंदर चौदाच शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, आणि शिक्षक त्या चौदांचे तुकडे करून पंचवीस-तीस जणींत वांटीत. कोणाला अर्धी, कोणाला पाव. २०२५ सालीं न्यायालयांत झालेल्या एका मोठ्या तडजोडीनंतर, ती मान्य करणाऱ्या विद्यापीठांपुरती ही मर्यादा गेली आणि तिच्या जागीं संघांत अठ्ठावीसच मुली असाव्यात अशी निराळी मर्यादा आली. तिसऱ्या प्रतीचीं कॉलेजें आणि हार्वर्ड-येलसारखीं आयव्ही लीगचीं विद्यापीठें खेळासाठीं म्हणून शिष्यवृत्ती देतच नाहींत. तेथें गरज पाहून मदत मिळते.

ही पावती-आण्यांची भाषा बैरूतच्या घरांत किती गंभीरपणें ऐकली जाते हें कळण्यास लेबनॉनमध्यें काय घडलें तें ठाऊक असलें पाहिजे. कित्येक वर्षें एका डॉलरचा सरकारी भाव १,५०७.५ लेबनॉनी पौंड असा स्थिर होता. लोक बँकांत डॉलर ठेवीत आणि निश्चिंत असत. २०१९ च्या ऑक्टोबरांत हा डोलारा कोसळला. बँकांनीं दारें लावून घेतलीं. खात्यांत डॉलर दिसत, पण हातीं येत नसत. पौंडाची किंमत नव्वद टक्क्यांहूनहि अधिक घसरली. तशांत ४ ऑगस्ट १९२० नव्हे, तर २०२० या आपल्याच काळांतील वर्षीं त्याच तारखेस बैरूतच्या बंदरांत साठविलेल्या अमोनियम नायट्रेटचा स्फोट होऊन दोनशेंवर माणसें मेलीं आणि अर्धें शहर विद्रूप झालें. परदेशीं शिकणाऱ्या मुलांच्या आईबापांची तर विलक्षण कोंडी झाली: पैसा आहे, पण फी भरतां येत नाहीं. शेवटीं त्याच वर्षीं पार्लमेंटनें कायदा करून अशा प्रत्येक विद्यार्थ्यासाठीं १०,००० डॉलरपर्यंत रक्कम जुन्या सरकारी भावानें पाठविण्यास बँकांना फर्माविलें. तथापि पुष्कळ बँकांनीं तो कायदाहि धाब्यावर बसविला. अशा देशांतील मुलीला अर्धी शिष्यवृत्ती मिळाली आणि उरलेली अर्धी रक्कम बँकेंत अडकली, तर ती मुलगी विमानांत बसत नाहीं. चेंडू कितीहि सुंदर मारीत असो.

जी पोंचते तिचा दिनक्रमहि सुखाचा नसतो. सॉकरचा मोसम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होऊन डिसेंबरच्या आरंभीं संपतो. या तीन-साडेतीन महिन्यांत आठवड्याला बहुधा दोन सामने. नियमानें खेळाला आठवड्याचे वीसच तास घेतां येतात, पण प्रवास आणि दुखापतींवरील उपचार त्यांत धरले जात नाहींत. अभ्यासाचे विषय ठराविक प्रमाणाहून कमी घेतां येत नाहींत, कारण तसें केल्यास खेळण्याचा हक्कहि जातो आणि परदेशी विद्यार्थिनी म्हणून राहण्याचा परवानाहि. नोकरी करावी म्हटलें तर ती कॉलेजच्या आवारांतच, आणि सत्र चालू असतां आठवड्यास वीस तासांच्या आंत. २०२१ च्या जुलैपासून कॉलेजच्या खेळाडूंना जाहिरातींत आपलें नांव वापरूं देऊन पैसे मिळविण्याची मुभा झाली; तिच्या शेजारच्या खोलींतील अमेरिकन मुलगी तसे चार पैसे मिळविते, पण विद्यार्थी-परवान्यावर आलेल्या मुलीला अशी कमाई करणें धोक्याचें.

खेळहि थोडा निराळा. घड्याळ शून्यापासून वर जाण्याऐवजीं पंचेचाळीसपासून खालीं उतरतें. आंतरराष्ट्रीय सामन्यांत बदली झालेली खेळाडू पुन्हां मैदानांत येऊं शकत नाहीं; कॉलेजांत कांहीं अटींवर येऊं शकते. यामुळें शिक्षक ताज्या दमाच्या मुली सारख्या आंत सोडीत राहतात आणि खेळ धांवाधांवीचा, अंगमेहनतीचा होतो. चेंडू पायांत खेळवून, जागा शोधून, सावकाश डाव रचण्याची कला त्यांत मागें पडते, असा आक्षेप जाणकार घेतात आणि तो मला खरा वाटतो. मात्र बैरूतमध्यें कृत्रिम गवताच्या लहानशा मैदानावर आठवड्यांतून दोन-तीनदांच सराव मिळणाऱ्या मुलीला दम, वेग आणि व्यायामशाळेची शिस्त या गोष्टी येथेंच प्रथम लाभतात, हेंहि तितकेंच खरें.

आतां राष्ट्रीय गणवेशाचा प्रश्न. जगांतील फुटबॉलची मध्यवर्ती संस्था ‘फिफा’ हिचा नियम आहे कीं, ठराविक दिवसांत राष्ट्रीय संघाचें बोलावणें आलें तर क्लबानें आपला खेळाडू सोडलाच पाहिजे. परंतु कॉलेज म्हणजे फिफाचा क्लब नव्हे. त्याच्यावर ही सक्ति नाहीं. मोसमाच्या ऐन मध्यावर बैरूतहून निरोप आला म्हणजे जावयाचें कीं राहावयाचें, हें शिक्षकाच्या मर्जीवर आणि प्राध्यापकांच्या परीक्षांवर अवलंबून.

याहून मोठी धोंड आहे ती कायद्याची, आणि ती अमेरिकन नव्हे, लेबनॉनी आहे. राष्ट्रीय संघांतून खेळावयाचें तर त्या देशाचें नागरिकत्व पाहिजे. लेबनॉनचा नागरिकत्वाचा कायदा फ्रेंच अंमलांत १९ जानेवारी १९२५ रोजीं झाला, आणि त्याप्रमाणें मूल लेबनॉनी ठरतें तें बापावरून. लेबनॉनी स्त्रीनें परक्या देशाच्या पुरुषाशीं लग्न केलें तर तिचें मूल, बैरूतमध्यें जन्मलें आणि वाढलें तरी, परकेंच. २०१५ सालीं परदेशीं गेलेल्यांच्या वंशजांना नागरिकत्व परत मिळविण्याची सवलत देणारा कायदा झाला. पण तीहि पितृवंशालाच. याचा परिणाम मैदानावर असा होतो: डिअरबॉर्नमध्यें शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन मुली घ्या. एकीचा बाप लेबनॉनी, दुसरीची आई लेबनॉनी. दोघी घरीं अरबी बोलतात, एकाच कॉलेजच्या संघांतून खेळतात. पहिलीला बैरूतचें बोलावणें येऊं शकतें. दुसरीला येऊं शकत नाहीं. फिफाच्या नियमांत आई, बाप, आजी, आजोबा सारे सारखेच. अडवणूक होते ती आईच्याच देशाकडून. स्त्रियांच्या संघटना हा कायदा बदलावा म्हणून वर्षानुवर्षें झगडत आहेत. त्याला विरोध करणारे म्हणतात कीं, लेबनॉनमध्यें पॅलेस्टिनी आणि सीरियन निर्वासित इतके आहेत कीं, आईकडून नागरिकत्व दिल्यास निरनिराळ्या धर्मपंथांच्या संख्येचा तोल ढळेल. हा युक्तिवाद परराष्ट्रीय स्त्रीशीं लग्न करणाऱ्या लेबनॉनी पुरुषाच्या बाबतींत मात्र कोणालाहि सुचत नाहीं.

या अडवणुकीची किंमत किती, तें पुणेंकरांनीं आपल्याच गांवीं पाहिलें आहे. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारींत स्त्रियांची आशियाई चषक-स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुणें येथें झाली. लेबनॉन तींत नव्हता. फिलिपाईन्स होता. ३० जानेवारी रोजीं बालेवाडीच्या मैदानावर चिनी तैपेईला पेनल्टींवर हरवून त्या संघानें जागतिक चषकांत प्रथमच स्थान मिळविलें. त्या संघांतील बहुतेक मुली अमेरिकेंत वाढलेल्या आणि तेथील कॉलेजांतून खेळलेल्या होत्या. पुढच्या वर्षीं वेलिंग्टन येथें न्यूझीलंडसारख्या यजमान संघाला त्यांनीं १-० असें हरविलें. तो गोल करणारी सरीना बोल्डेन ही कॅलिफोर्नियाची. फिलिपाईन्सच्या राज्यघटनेप्रमाणें आई किंवा बाप, कोणीहि एक त्या देशाचा नागरिक असला कीं मूल नागरिक ठरतें. लेबनॉनी लोकहि जगभर तसेच पांगलेले आहेत. पण आपल्या लेकींच्या मुलींना त्यांनीं दाराबाहेर ठेवलें आहे.

बैरूतमध्येंच राहिलेल्या मुलींचें काय, हाहि प्रश्न उरतोच. २०२४ च्या शरद ऋतूंत युद्ध भडकलें तेव्हां देशांतील स्पर्धा थांबल्या. २७ नोव्हेंबरला युद्धविराम झाला. त्याच्या थोडेच दिवस आधीं इस्रायली हवाई हल्ल्यांत बैरूतमधील एका १९ वर्षांच्या खेळाडूच्या डोक्यांत तुकडा शिरला आणि ती बेशुद्धींत गेली. लेबनॉनच्या युवती-संघाकडून ती खेळली होती. परदेशीं कॉलेजांत असलेल्या मुली तिच्याच वयाच्या. त्यांच्यापैकीं कित्येकींनीं तिच्याबरोबर नाहीं तर तिच्याविरुद्ध सामने खेळलेले असणार.

कॉलेजांत पांच वर्षांच्या आंत चार मोसम खेळावयाचे, हा वर्षानुवर्षें चालत आलेला नियम. ते संपले कीं पदवी हातीं येते आणि परवान्याची मुदत सरत येते. अमेरिकेंतील व्यावसायिक साखळींत जागा फार थोड्या. पदवीच्या विषयांत सामान्यतः एक वर्षपर्यंत काम करण्याची परवानगी मिळते. स्थापत्य किंवा संगणकशास्त्रासारखा विषय घेतला असल्यास ती आणखी दोन वर्षें वाढते. त्यामुळें संघांतील परदेशी मुली विषय निवडतांना आवडीबरोबर हा हिशेबहि मांडतात. २०२२ सालीं सौदी अरेबियांत स्त्रियांची व्यावसायिक साखळी सुरू झाली आणि कांहीं लेबनॉनी खेळाडू तिकडे गेल्या. बैरूतच्या क्लबापेक्षां तेथें पगार पुष्कळच बरा. ज्या देशांत २०१८ पर्यंत स्त्रियांना मैदानांत प्रेक्षक म्हणूनहि जातां येत नसे, तेथें आतां बैरूतची मुलगी खेळण्याचा पगार घेते.